नित्याचे छायाचित्र : काढणे आणि पाहणे

प्रत्येकाने आपल्या घरातील अल्बम किंवा फोटोंचा डबा खाली काढावा आणि एक साधी मोजणी करून पाहावी. त्यात आईची छायाचित्रे किती आहेत? आणि त्यांपैकी आई काही काम करीत असतानाची किती? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पंधरा-वीस असे येईल. दुसऱ्याचे बहुतेक घरांत शून्य, फार तर एक. ज्या माउलीने चाळीस वर्षे पहाटे उठून स्टोव्ह पेटवला, तांदूळ निवडले, धुणे वाळत घातले आणि तिन्हीसांजेला मुलांकडून परवचा म्हणवून घेतला, ती चित्रांत मात्र नेहमी शालू नेसून, कोणाच्या तरी लग्नात, मागच्या रांगेत डावीकडून तिसरी उभी असते. मुलांनी तिला ज्या रूपात रोज पाहिले, ते रूप एकाही चित्रात सापडत नाही.

आम्ही छायाचित्रणाचा धंदा करणारे. त्यामुळे या उणिवेची दुसरी बाजू आमच्या दुकानात येऊन उभी राहते. घरातील वडीलधारे माणूस गेले की तेरावा होण्याच्या आत मुलगा किंवा जावई एखादे लग्नातील समूहचित्र घेऊन येतो आणि त्यातल्या नखाएवढ्या चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणतो, "ही आमची आजी. एवढीच मोठी करून द्या." नखाएवढा चेहरा हातभर मोठा केला, तरी जे तपशील मुळातच उतरले नाहीत ते कोठून येणार? डोळे धूसर होतात, शेजारणीचा खांदा मध्ये येतो तो पुसावा लागतो, कपाळावरचे कुंकू हाताने रेखावे लागते. चित्र हाती घेऊन मुलगा थोडा वेळ पाहत राहतो आणि म्हणतो, "आजी काही अशी दिसत नव्हती." त्याचे म्हणणे खरे असते; पण त्या वेळी त्यावर काही इलाज नसतो.

असे का होते? छायाचित्रे काढायला पैसा नव्हता, हे एके काळी खरे होते. परंतु आज घरोघर मोबाईल आहेत, एकेका मोबाईलमध्ये हजारो चित्रे आहेत, तरीही मोजणीचे उत्तर फारसे बदललेले नाही. कारण समजूत जुनीच आहे. छायाचित्र हे प्रसंगाचे काढायचे असते, रोजच्या गोष्टीचे काय काढायचे, ही ती समजूत. बारसे, मुंज, लग्न, सहल, सिंहस्थाचे स्नान हे सारे चित्रास योग्य. ओसरी, भाजीची पिशवी, सायकल दुरुस्त करणारे वडील हे अयोग्य. या समजुतीला धक्का द्यावा, नित्याचे छायाचित्र काढावे कसे, पाहावे कसे आणि राखावे कसे याचा थोडा उलगडा करावा, एवढाच या विवेचनाचा हेतू आहे.

आरंभ साध्या वस्तूंपासूनच

प्रथम इतिहासाची साक्ष काढू. छायाचित्रणाचा जन्म राजेरजवाड्यांच्या दरबारात झाला नाही. जगातील जे सर्वांत जुने कॅमेऱ्याचे चित्र आज टिकून आहे, ते फ्रान्समध्ये निसेफोर न्येप्स या गृहस्थाने १८२६ किंवा १८२७ साली काढले. त्यात काय आहे? त्याच्या घराच्या वरच्या खिडकीतून दिसणारी शेजारची छपरे आणि भिंती. एवढेच. रोज सकाळी खिडकी उघडल्यावर जे दिसे, तेच.

पुढे त्याचाच भागीदार दागेर याने १८३८ च्या सुमारास पॅरिसमधील एका रस्त्याचे चित्र घेतले. रस्ता गजबजलेला होता. परंतु त्या वेळच्या पट्टीवर चित्र उमटायला काही मिनिटे लागत. त्यामुळे चालणारी माणसे, धावणाऱ्या गाड्या यांचा मागमूसही पट्टीवर राहिला नाही आणि रस्ता निर्मनुष्य दिसतो. एका कोपऱ्यात मात्र एक माणूस दिसतो. तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी एक पाय वर ठेवून उभा होता. तो स्थिर राहिला म्हणून पट्टीवर राहिला. पॉलिश करणाऱ्याचीही अंधुक आकृती त्याच्यापाशी दिसते. छायाचित्रात उमटलेली पहिली माणसे म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवले जाते, ती ही दोघे. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

तिसरा दाखला इंग्लंडमधील हेन्री फॉक्स टॅलबट याचा. १८४४ साली त्याने एक उघडे दार आणि दाराला टेकवून ठेवलेला झाडू यांचे चित्र काढले आणि छायाचित्रांनी सजलेल्या आपल्या ग्रंथात ते मोठ्या विश्वासाने छापले. त्याचे म्हणणे असे की, इतरांना ज्यात काही दिसत नाही अशा साध्या देखाव्यावर चित्रकाराची नजर थबकते. आपल्याकडे हे पटवून सांगण्याची गरज पडू नये. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी केरसुणीला हळदकुंकू वाहणारी आपली घरे आहेत. रोज कोपऱ्यात पडणाऱ्या वस्तूकडे वर्षातून एकदा तरी आदराने पाहावे, हा संस्कार आपल्याकडे आहेच. छायाचित्रकाराने तो वर्षभर पाळायचा, इतकाच फरक.

वाटाणा आणि मिरची

आता अगदी आपल्या घरचे उदाहरण. नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब, यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झालेल्या 'राजा हरिश्चंद्र'चा उल्लेख शाळकरी मुलेही करतात. परंतु हरिश्चंद्राच्या आधी दादासाहेबांनी काय चित्रित केले, हे पुष्कळांना माहीत नसते. ते मुळात छायाचित्रकार. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, गोध्र्यास छायाचित्रांचे दुकान काढलेले, पुढे पुरातत्त्व खात्यात काम केलेले. १९१२ साली विलायतेहून त्यांनी चलच्चित्राचा कॅमेरा आणला, परंतु भांडवल देण्यास कोणी पुढे येईना. तेव्हा त्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले, कुंडीसमोर कॅमेरा रोवला आणि महिन्याहून अधिक काळ त्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपत राहिले. पडद्यावर ती सारी वाढ मिनिटभरात दिसली. बी फुटले, कोंब वर आला, वेल चढू लागला. 'अंकुराची वाढ' हे त्या चित्राचे नाव. ते त्यांनी निवडक लोकांना दाखवले आणि त्यावरून त्यांना कर्ज मिळाले.

यातील मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. त्यांनी सावकारांना चकित करण्यासाठी हत्ती-घोडे उभे केले नाहीत. ज्या वाटाण्याची उसळ प्रत्येकाच्या ताटात पडते, तोच वाटाणा दाखवला. पाहणाऱ्यांनी वाटाणा हजारदा पाहिला होता. वाटाणा उगवताना मात्र कोणीच पाहिला नव्हता. कारण उगवणे हे इतके सावकाश चालते की आपली नजर त्यावर टिकत नाही. कॅमेऱ्याने येथे नवी वस्तू आणली नाही. त्याने धीर आणला, आणि तो धीर दादासाहेबांचा होता. चित्रपटसृष्टीची गंगा ज्या गोमुखातून निघाली ते एक कुंडीतले रोप होते, हे नाशिककरांनी तरी विसरू नये. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी दादासाहेबांनी देह ठेवला तो याच गावी. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक उभे आहे.

याला जोड म्हणून सातासमुद्रापलीकडचा एक दाखला देतो. अमेरिकेत एडवर्ड वेस्टन नावाचा मोठा छायाचित्रकार होऊन गेला. १९३० साली तो एका ढोबळ्या मिरचीच्या मागे लागला. मिरचीवर उजेड कसा पाडावा, या विवंचनेत त्याने अनेक चित्रे काढली आणि शेवटी ती पत्र्याच्या एका नरसाळ्यात ठेवली. नरसाळ्याच्या आतल्या बाजूवरून परतलेला मऊ उजेड मिरचीच्या वळणांवर चहूकडून पडला, आणि चित्र असे उतरले की पाहणाऱ्याला मल्लाची पाठ आठवावी. मंडईत किलोने मिळणारी वस्तू. बदलला तो फक्त उजेड आणि पाहणाऱ्याचा निश्चय.

नमुना की माणूस?

येथे कोणी म्हणेल की, सामान्य माणसांची चित्रे काढण्याची चाल नवीन नाही. इंग्रजी अमलात तर ढीगभर काढली गेली. ही शंका योग्य आहे. छायाचित्रणकला आपल्या प्रांतात लवकरच आली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या सभासदांत होते, आणि नारायणराव स्वतः चित्रे काढीत. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत ही कला शिकवण्याचा वर्गही सुरू झाला. पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारने हिंदुस्थानातील लोकांविषयी आठ खंड प्रसिद्ध केले. त्यांत चारशेहून अधिक छायाचित्रे आहेत.

परंतु त्या खंडांतील माणसांकडे पाहा. खाली जात लिहिलेली, जमात लिहिलेली, स्वभाव कसा असतो तोही लिहिलेला; माणसाचे नाव मात्र बहुधा नाही. भुंगा टाचणीने टोचून पेटीत लावावा तसा माणूस पानावर लावलेला आहे. ती माणसांची चित्रे नव्हेत, ते नमुने आहेत. नित्याचे चित्र आणि नमुन्याचे चित्र यांत वस्तू एकच असू शकते. फरक असतो तो काढणाऱ्याच्या मनातील प्रश्नात. "हा कोणत्या जातीचा?" असे विचारून काढलेले चित्र वेगळे, आणि "हा आता काय करतो आहे?" असे विचारून काढलेले वेगळे.

हा दोष सरकारी साहेबांपुरता राहिलेला नाही. सिंहस्थात रामकुंडावर जमणाऱ्या कॅमेऱ्यांची गर्दी सर्वांनी २००३ आणि २०१५ साली पाहिली असेल. एकेका जटाधारी साधूभोवती दहा-दहा भिंगे रोखलेली असतात. साधूचे नाव विचारणारा विरळा, आणि त्याच घाटावर पहाटेपासून केर काढणाऱ्या बाईकडे वळून पाहणारा त्याहून विरळा. म्हणून मुंबईचे छायाचित्रकार सुधारक ओलवे यांचे काम आम्हांस महत्त्वाचे वाटते. मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे जगणे त्यांनी वर्षानुवर्षे चित्रित केले. शहराच्या डोळ्यांसमोर रोज असलेले आणि म्हणूनच शहराला न दिसणारे काम त्यांनी लोकांसमोर ठेवले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

यावरून आम्ही आमच्यापुरते दोन नियम केले आहेत. अनोळखी माणसाचे चित्र काढताना आधी दोन शब्द बोलावे आणि परवानगी घ्यावी. आणि चित्राची एक प्रत त्याला नेऊन द्यावी. प्रत देताना लाज वाटेल असे चित्र असेल, तर ते काढूच नये. हा नियम पाळला तर चांगल्या-वाईटाचा निम्मा निवाडा आपोआप होतो.

काढावे कसे?

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. यंत्र कोणते असावे हा प्रश्न लोक सर्वांत आधी विचारतात. आमच्या मते तो सर्वांत शेवटी विचारावा. एके काळी मध्यमवर्गी घरांत आग्फा क्लिक थ्री नावाचा साधा डब्यासारखा कॅमेरा असे. एका रिळात बारा चित्रे निघत. त्याच्यावरही उत्तम चित्रे निघाली आहेत, आणि लाखाच्या यंत्रावर टाकाऊ चित्रे रोज निघतात. चित्र चार गोष्टींवर ठरते. उजेड, अंतर, पाठीमागची बाजू आणि क्षण.

उजेडाचे पहिले. नाशिक विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे वीस अंशांवर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर येतो. अशा उन्हात काढलेल्या चित्रात डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात, नाकाची सावली ओठांवर पडते आणि देखणा माणूसही आजारी दिसतो. सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर ऊन तिरपे होते. चेहऱ्याचा उंचसखलपणा त्यात खुलून दिसतो. घरात चित्र काढायचे तर ट्यूबलाईट बंद करावी आणि माणसाला खिडकीपासून हातभर अंतरावर, खिडकीकडे अर्धवट वळवून बसवावे. जुन्या वाड्यांच्या चौकात वरून येणारा आणि भिंतींवरून परतणारा जो मऊ उजेड असतो, त्याची सर स्टुडिओतील दिव्यांना यायला फार खटपट करावी लागते. ओसरीच्या कडेला तांदूळ निवडीत बसलेली आजी हे चित्र निम्मे तयारच असते. आपण फक्त तिच्या कामात व्यत्यय न आणता बसायचे.

दुसरे अंतर. नवशिक्या माणूस इतका दूर उभा राहतो की चित्रात आभाळ आणि फरशी जास्त, माणूस कमी. उलट मोबाईल अगदी तोंडाशी नेला तर नाक मोठे आणि कान लहान दिसतात, कारण जवळून पाहताना नाक आणि कान यांच्या अंतरातील फरक फार मोठा ठरतो. चेहरा आणि काम करणारे हात दोन्ही दिसावेत, यासाठी पाच-सहा फुटांचे अंतर बहुधा पुरते. हात चित्रात असलेच पाहिजेत, असा आमचा आग्रह आहे. चेहऱ्याला कॅमेऱ्यासमोर सोंग आणता येते. पोळी लाटणाऱ्या हाताला ते साधत नाही.

तिसरी पाठीमागची बाजू. डोळा पाहताना नको ते वगळतो, कॅमेरा वगळीत नाही. आजोबांच्या टोपीतून पंख्याची दांडी उगवते ती यामुळे. चित्र काढण्यापूर्वी चारही कडांवरून एकदा नजर फिरवावी आणि एक पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे सरकावे. मात्र सगळेच झाकून टाकू नये. भिंतीवरचे कॅलेंडर, फळीवरचे पितळी डबे, खुंटीवरची पिशवी यांना हलवू नये. आज त्या अडगळ वाटतात. वीस वर्षांनी पाहणारा चेहऱ्याइतकेच त्यांच्याकडे पाहील. जुन्या स्टुडिओंत महालाच्या जिन्याचा रंगवलेला पडदा असे, आणि गिऱ्हाइकाला घालायला कोटही मिळे. त्या चित्रांत आपले पणजोबा दिसतात, पण त्यांचे घर दिसत नाही.

चौथा क्षण. याचा धडा तांबटांच्या आळीत घ्यावा. नाशिकची तांब्यापितळेची भांडी प्रसिद्ध, आणि भांड्यावर ठोके घालणारा कारागीर हा चित्राचा सुंदर विषय. पण हातोडी भांड्यावर आदळताना टिपायला गेले तर चित्र फिसकटते, कारण त्या वेळी तिचा वेग सर्वांत जास्त असतो. हातोडी वर नेऊन खाली आणण्यापूर्वी क्षणभर हात थांबतो. तेथे वेग शून्य असतो. तो क्षण धरला तर साध्या कॅमेऱ्यातही चित्र रेखीव येते, शिवाय पुढच्या ठोक्याची सारी ताकद त्या उचललेल्या हातात दिसते. झोक्याच्या टोकाला मूल, जात्याच्या खुंट्याला वळण देणारी बाई, लुगड्याला शेवटचा पीळ घालणारे हात, या सर्वांत असा विसाव्याचा क्षण असतो. काही वेळ नुसते पाहत राहिले की कामाचा ताल कळतो, आणि ताल कळला की क्षण आपोआप हाती येतो. "इकडे बघा, हसा" असे म्हणताच मात्र तो ताल तुटतो.

पाहावे कसे?

चित्र काढणारे पुष्कळ झाले. पाहणारे कमी आहेत. गायनाच्या बैठकीला जाऊन कान तयार करावा हे आपल्याकडे सर्वांना मान्य आहे, पण डोळाही तयार करावा लागतो हे फारसे कोणी मानीत नाही. मोबाईलवर अंगठ्याने चित्रे सरकवताना एकेक चित्र सेकंदभरही समोर राहत नाही. हे म्हणजे गवयाने षड्ज लावताच उठून जाण्यासारखे झाले.

आमची सूचना साधी आहे. एखादे छापील चित्र घ्यावे, घड्याळ लावून पाच मिनिटे त्याच्यासमोर बसावे आणि स्वतःला चार प्रश्न विचारावेत. उजेड कोठून येतो आहे? त्यावरून वेळ आणि जागा कळते. काढणारा कोठे उभा आहे, माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत की उंचावरून? त्यावरून त्याचे त्या माणसाशी नाते कळते. चौकटीच्या बाहेर काय राहिले असेल? दागेरच्या चित्रातील रिकामा रस्ता रिकामा नव्हता, हे आपण पाहिलेच. चित्र जितके सांगते तितकेच लपवतेही. आणि शेवटी, हे चित्र काढणारा कोण, आणि तो या चित्रात का नाही?

हा शेवटचा प्रश्न घरच्या अल्बमला विचारला तर नवलाची उत्तरे मिळतात. ज्या घरात कॅमेरा वडिलांच्या हाती असे, तेथे वडीलच चित्रांतून गैरहजर असतात. बायकांच्या हाती कॅमेरा फार उशिरा आला. होमाई व्यारावाला यांनी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकत असताना आपल्या वर्गमैत्रिणींची आणि शहरातील साध्या जीवनाची चित्रे काढली. पुढे स्वातंत्र्यकाळातील त्यांच्या चित्रांनी इतिहास घडवला. पण त्यांची आरंभीची चित्रे त्यांच्या पतीच्या नावाने छापली जात. मैत्रिणीने काढलेल्या मैत्रिणींच्या चित्रांत जो मोकळेपणा आहे, तो पाहिला म्हणजे भिंगाइतकेच नातेही चित्र घडवते हे पटते. म्हणून घरातील मुलींच्या आणि आजीच्याही हाती कॅमेरा द्यावा. आजीला घरात काय दिसते, ते आपल्याला ठाऊक नसते.

राखावे कसे?

पॅरिसमध्ये यूजेन आत्गे नावाचा एक छायाचित्रकार होता. अवजड लाकडी कॅमेरा आणि काचेच्या पट्ट्या घेऊन तो भल्या सकाळी निघे आणि जुन्या गल्ल्या, दुकानांच्या दर्शनी बाजू, जिने, दारांचे कडीकोयंडे, फेरीवाले, चिंध्या वेचणारे यांची चित्रे काढी. स्वतःला तो कलावंत म्हणवीत नसे. चित्रकारांना संदर्भासाठी लागणारी चित्रे आपण पुरवतो, असे तो सांगे. १९२७ साली तो वारला. त्याने टिपलेल्या पॅरिसचा बराच भाग पुढे पाडला गेला. बेरेनिस ॲबट या बाईंनी त्याच्या पट्ट्या आणि चित्रे विकत घेऊन जपली, म्हणून ते शहर कागदावर तरी शिल्लक आहे.

आपल्या गावालाही हे लागू आहे. गावठाणातील वाडे एकामागून एक उतरवले जात आहेत, काही पावसाळ्यात आपणच बसत आहेत. २००३ च्या सिंहस्थाच्या सुमारास गोदापात्रात काँक्रीट घालण्यात आले आणि काही जुनी कुंडे त्याखाली गेली. पुढे तो वाद न्यायालयापर्यंत पोहोचला. अशा वेळी पूर्वी तेथे काय होते, पायरी कोठे संपत होती, हे कोणी सांगावे? कोणा कुटुंबाने सहज म्हणून काढलेल्या चित्रात, कपडे धुणाऱ्या बायकांच्या मागे ती पायरी दिसत असते. पुराचे पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले की छातीला, हे आपण दर पावसाळ्यात पाहतो. पण कोरड्या दिवसातला मारुती, बुधवारचा बाजार आणि भांडीबाजारातील उतरत्या फळ्या यांची चित्रे किती जणांकडे आहेत?

राखण्याचे नियम थोडे आहेत. मोबाईलमधील हजार चित्रांपैकी वर्षाकाठी पन्नास निवडावीत आणि ती कागदावर छापून घ्यावीत. यंत्र बिघडले, हरवले किंवा बदलले की त्यातले सारे एकदम जाते. कागद हळूहळू जातो. चित्राच्या पाठीमागे, कडेला, मऊ पेन्सिलीने नाव, गाव, साल आणि काय चालले होते ते लिहावे. बॉलपेनने लिहू नये. त्याचा वळ पुढच्या बाजूस उठतो. चिकट पानांचे अल्बम टाळावेत. त्यांचा डिंक काही वर्षांनी चित्र पिवळे करतो. पावसाळ्यात ओल लागून बुरशी येते, म्हणून डबा भिंतीला टेकवून ठेवू नये. जुनी कृष्णधवल चित्रे नीट धुतलेली असतील तर दीर्घकाळ टिकतात, पण सन १९७०-८० च्या काळातील पुष्कळ रंगीत चित्रे तांबूस पडून विटत चालली आहेत. त्यांच्या प्रती लवकर करून घ्याव्यात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, घरातील सर्वांत वृद्ध माणसाला शेजारी बसवून जुन्या चित्रांतील माणसांची नावे आजच लिहून घ्यावीत. ते माणूस गेल्यावर तो अल्बम अनोळखी लोकांचा होतो.

शेवटी एक छोटे गणित मांडतो. साध्या डबा-कॅमेऱ्यात पडदा सुमारे एक पन्नासांश सेकंद उघडतो. म्हणजे पन्नास चित्रे मिळून एक सेकंद होतो. दोनशे चित्रांचा भरगच्च अल्बम घेतला तरी त्यात आयुष्यातील चारच सेकंद मावतात. हे चारही सेकंद आपण मंडपात, पाहुण्यांच्या रांगेत, फेटे बांधून घालवावेत काय? त्यांतला निदान एक सेकंद, म्हणजे पन्नास चित्रे, स्वयंपाकघरासाठी, ओसरीसाठी, वडिलांच्या सायकलसाठी आणि शेजारच्या इस्त्रीवाल्यासाठी ठेवावा. ज्यांची आई आज घरात तांदूळ निवडते आहे, त्यांनी उद्या सकाळी खिडकीतून ऊन आत आले असताना तिच्याजवळ जाऊन बसावे. ती "माझा कसला फोटो काढतोस, केसही विंचरले नाहीत" असे म्हणेल. तरी काढावा, आणि मागे तारीख लिहावी.